‘झालं’चा रुंद रकाना

आमच्या कॉलेजच्या दिवाळी अंकात दरवर्षी एखादा निवृत्त माणूस आपल्या नोकरीविषयी लिहितो. गेल्या वर्षी पोस्टातले एक काका होते. यंदा ज्यांना सांगितलं होतं त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून संपादक मॅडमनी मला विचारलं. मी म्हटलं, "मॅडम, मी निवृत्त नाही. मी तिसऱ्या वर्षाला आहे." त्या म्हणाल्या, "पण दोन वर्षं नोकरी करतेस ना? अजाईल की काय म्हणतात, ते सुरू करणाऱ्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी लिही. व्यावहारिक."

मला नाही म्हणता येत नाही. ही माझी जुनी अडचण आहे, आणि पुढचा सगळा प्रकार त्यातूनच झाला.

आमच्या घरात ऑफिसची नोकरी करणारी मी पहिली. वडील उजनीच्या पाण्यात मासेमारी करतात. कॉलेजसाठी मी सोलापुरात हॉस्टेलवर राहते आणि सोमवार सोडून रोज दुपारी वर्गात बसते. सकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. सोमवारी दिवसभर कंपनीतच असते. कंपनी म्हणजे एका टॉवेलच्या गोदामावरचा मजला. माणसं पाच. मालक प्रमोद सर, मुख्य प्रोग्रामर इरफानभाई, तपासणी आणि बाकी सगळं बघणाऱ्या सुजाता मॅडम, मी आणि लक्ष्मव्वा मावशी. मावशी ऑफिस उघडतात, झाडतात, पुसतात, चहा करतात. आधी त्या टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायच्या. वीस वर्षं घातल्या. मग गुडघे गेले.

प्रमोद सर पुण्याला दोन दिवसांचं एक शिबिर करून आले आणि त्यांनी जाहीर केलं की आजपासून आपण अजाईल. वाचकांना सांगते, ही गोष्ट समजायला अवघड नाही. वर्षभर दार लावून मोठं काम करायचं आणि शेवटी गिऱ्हाइकापुढे ठेवायचं, असं करायचं नाही. थोडं करायचं, पंधरा दिवसांनी दाखवायचं, तो काय म्हणतो ते ऐकायचं, सुधारायचं, पुन्हा थोडं करायचं. रोज सकाळी सगळ्यांनी दहा मिनिटं उभं राहून काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं ते सांगायचं. उभं अशासाठी, की पाय दुखले की माणूस थोडक्यात बोलतो. हे सगळं नीट चालतं की नाही ते बघणाऱ्याला स्क्रम मास्टर म्हणतात. सरांनी मला स्क्रम मास्टर केलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

मी वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मास्टर? म्हंजे बाकीचे तुजं ऐकत्यात व्हय?"

मी म्हटलं, "नाही. मी त्यांना चिठ्ठ्या लिहून देते."

"मग ठीक हाय," वडील म्हणाले. त्यांची काळजी मिटली.

पहिल्याच सकाळी उभ्या मीटिंगला एक तास पाच मिनिटं लागली. दहा मिनिटांत सगळ्यांचं बोलून झालं होतं. पण सर बसले नाहीत. मालक उभा असताना आपण बसायचं कसं, म्हणून आम्हीही उभे. सर का बसेनात, तर शिबिरात त्यांना सांगितलं होतं की मीटिंग टीमनं आपणहून संपवायची, मालकानं नाही. ते आमची वाट बघत होते, आम्ही त्यांची. मधे मावशींनी चहा आणला, तो सगळ्यांनी उभ्यानं प्यायला. इरफानभाई एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. सुजाता मॅडम भिंतीला टेकल्या, मग सर बघताहेत असं वाटून पुन्हा सरळ झाल्या. शेवटी मावशी बादली आणि फडकं घेऊन आल्या.

"सरा की आता. फरशी पुसायची हाय. नुसतं हुबं ऱ्हायला पगार देत्यात व्हय तुमाला?"

सगळे पटापट जागेवर गेले. दुसऱ्या दिवशीपासून मी मावशींना सांगून ठेवलं की सव्वादहाला बादली घेऊन या. तेव्हापासून आमची मीटिंग कधी लांबली नाही. ज्यांना अजाईल सुरू करायचं आहे त्यांनी घड्याळावर अवलंबून राहू नये. घड्याळाला माणसं दबतातच असं नाही, ओल्या फडक्याला दबतात.

कामाला किती वेळ लागेल हे ठरवायचीही एक पद्धत आहे. सगळ्यांनी एकाच वेळी हाताची बोटं दाखवायची. सोपं असेल तर एक, फार अवघड असेल तर पाच. एकमेकांचं बघून दाखवायचं नाही. आम्ही सगळे आधी इरफानभाईंचा हात बघायचो. एकदा त्यांनी मान खाजवायला हात वर नेला तेव्हा चार बोटं ठरली. ते काम प्रत्यक्षात अर्ध्या तासाचं होतं. पण चार ठरली होती, म्हणून आम्ही ते चार दिवस केलं.

आता फळा. भिंतीवर पांढरा फळा, त्यात तीन रकाने: ‘करायचं’, ‘चालू’ आणि ‘झालं’. प्रत्येक कामाची एक चिकट चिठ्ठी. काम पुढे सरकेल तशी चिठ्ठी सरकवायची. इरफानभाईंच्या पिवळ्या, माझ्या गुलाबी, सुजाता मॅडमच्या हिरव्या. रकाने सरांनी स्वतः आखले. ‘करायचं’ वीतभर, ‘चालू’ वीतभर आणि ‘झालं’ अर्धा फळा. मी घाबरत विचारलं की इतका रुंद कशाला. सर म्हणाले, "रुपाली, माणसानं आशा ठेवावी."

फळ्यावर सरांचा जीव होता. एकदा पार्सल द्यायला आलेल्या माणसानं ‘चालू’ रकान्यात आपला फोन नंबर लिहून ठेवला. सर इतके चिडले, की त्यांनी सगळ्यांसमोर नियम केला: "टीमशिवाय कुणीही या फळ्याला हात लावला, तर त्याचं या ऑफिसातलं काम संपलं." मावशी तेव्हा कप विसळत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. कप विसळताना त्या ऐकत नाहीत.

त्या वेळी आमचं मोठं गिऱ्हाईक होतं व्यंकटेश शेठ. टॉवेलचा कारखाना, चोवीस यंत्रमाग. माग थांबला की तो का थांबला, किती वेळ थांबला हे शेठना मोबाईलवर दिसायला हवं होतं. आणि माग थांबल्याबरोबर जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या माणसाला, मेसेज जायला हवा होता. सरांनी त्यांना समजावलं, की आम्ही दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं दाखवू.

शेठ म्हणाले, "प्रमोद, अर्धा टॉवेल कोण घेतंय?"

"अर्धा टॉवेल नाही हो शेठ. आधी नॅपकिन, मग टॉवेल."

"नॅपकिनची किनार येगळी असती. नॅपकिन वाढवून टॉवेल होत न्हाय." शेठ उठता उठता म्हणाले. "ठीक हाय. पण एक सांगतो. झालं म्हणून बोलावलंस आणि झालेलं नसलं, तर मी पुन्हा जिना चढणार न्हाय."

जॉबरला मेसेज पाठवायचं काम माझ्याकडे आलं. तीन गुलाबी चिठ्ठ्या. हे माझं पहिलं खरं काम, आणि ते मला जमत नव्हतं. रोज सकाळी मी म्हणायचे, "चालू आहे, सर." अडलं कुठं ते सांगायची पाळी यायच्या आत मावशींची बादली यायची. बादलीची वेळ मीच ठरवली होती.

एका शनिवारी संध्याकाळी लाईट गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात पंखे पाचवर असतात. अंधारात कुणी बटणं बंद केली नाहीत, सगळे घरी गेले. लाईट परत आली आणि रविवारी पूर्ण दिवस पंखे रिकाम्या ऑफिसात फिरत राहिले.

सोमवारी मी दहाला पोचले तेव्हा सर फळ्यापुढे उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

सगळ्या चिठ्ठ्या ‘झालं’मध्ये. एकूण एक. वर पिवळ्या, मधे गुलाबी, खाली हिरव्या. एका ओळीत बारा, कडेला कड जुळवलेली, उरलेल्या त्याच रंगाच्या खाली. ‘करायचं’ आणि ‘चालू’ स्वच्छ रिकामे. माझ्या जॉबरच्या मेसेजच्या तीनही चिठ्ठ्या तिथं.

मी तोंड उघडलं. त्याआधीच सर म्हणाले, "मित्रांनो, मला तुमचा अभिमान वाटतो."

आता यानंतर कोण काय बोलणार? मी इरफानभाईंकडे बघितलं. ते फळा वाचत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यासारखंच आश्चर्य होतं. पण ते म्हणाले, "टीमवर्क आहे, सर." सुजाता मॅडम म्हणाल्या, "काही लोकांनी तर रविवारीसुद्धा केलं." सरांनी माझ्याकडे बघितलं. "रुपाली, जॉबरचा मेसेज?"

मी म्हटलं, "फळ्यावर आहे, सर."

हे खोटं नव्हतं. हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं, आणि नंतर पुष्कळ वेळा सांगून बघितलं.

सरांनी तिथल्या तिथं शेठना फोन लावला. चार वाजता या, जॉबरलाही घेऊन या. मग त्यांनी पेढे मागवले.

अकराला मी इरफानभाईंच्या टेबलाशी गेले. "भाई, जॉबरचा मेसेज तुम्ही केलात ना?"

"मी? मला वाटलं तू केलास. पण माझी रिपोर्टची पानं तू पूर्ण केलीस ना?"

"मला रिपोर्ट कुठे येतात?"

आम्ही दोघं सुजाता मॅडमकडे बघायला लागलो. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका. मला वाटलं तुम्ही दोघांनी मिळून माझी तपासणी केली. मी मनात तुम्हाला थँक्यू पण म्हटलं."

आम्ही तिघं तिथंच उभे राहिलो. प्रत्येकाला वाटत होतं की आपलं अडलेलं काम दुसऱ्यानं गुपचूप करून टाकलं, आणि त्याचा उपकार मानून तो गप्प बसला होता. इरफानभाई सावकाश म्हणाले, "मग चिठ्ठ्या हलवल्या कुणी?"

उत्तर स्वयंपाकाच्या ओट्याशी मिळालं. मावशी पेढे ताटलीत लावत होत्या. चारच्या ओळीत.

"तुमचे कागद सगळे खाली पडले होते की पोरी. टेबलाखाली, मोरीत, कुटंकुटं. म्या येक येक येचून लावले. रंगाला रंग, डझनाला डझन. मोटा रकाना मोकळा दिसला, तितं बसवले. येकबी वाकडा न्हाय."

मावशींना वाचता येत नाही. वीस वर्षं त्यांनी खाली पडलेला टॉवेल उचलून झटकला होता आणि रंगाप्रमाणे चवडीवर ठेवला होता. त्यांनी तेच केलं. त्यांच्या तोंडावर असा आनंद होता, की मला काही सांगवेना. आणि मला सरांचा नियम आठवला.

जेवणाच्या सुट्टीत मी वडिलांना फोन केला. खरं काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, की चूक झाली असेल तर कधी सांगावी.

ते म्हणाले, "होडीला भोक दिसलं तर काठावर हाय तवरच बोलायचं. मधी गेल्यावर बोलून काय, पवायचं का?" मग, "का गं रूपे? काय केलंस?"

"काही नाही," मी म्हटलं. आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले. मी सरांच्या केबिनपर्यंत दोनदा गेले. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा ते मोकळे होते.

चार वाजता व्यंकटेश शेठ आले, बरोबर त्यांचा जॉबर, रसूलचाचा. शेठ आत आले ते थेट फळ्यापुढे थांबले. त्यांनी काही वाचलं नाही. कडेवरून नुसतं बोट फिरवलं.

"हे कुणी लावलं? माझ्या घडी खात्यात असं लावणारं माणूस आता ऱ्हायलं न्हाय."

"टीमनं, शेठ," सर म्हणाले. दाराआड मावशींच्या बांगड्या वाजल्या.

दाखवायला सुरुवात झाली. शेठ म्हणाले, "समजा, सात नंबरचा माग थांबला." इरफानभाईंनी बटण दाबलं. पडद्यावर सात नंबर लाल झाला. हे पंधरा दिवसांपूर्वीच झालेलं होतं. "आता याला कळलं पायजे," शेठ म्हणाले. रसूलचाचा मोबाईल तळहातावर धरून बसले होते. आम्ही सगळे त्या मोबाईलकडे बघत होतो. काही येण्यासारखं नव्हतंच, तरी मीसुद्धा बघत होते.

"रेंजचा प्रॉब्लेम असेल," इरफानभाई म्हणाले.

सुजाता मॅडम म्हणाल्या, "मी पाणी आणते," आणि बाहेर गेल्या. अर्ध्या मिनिटानं रसूलचाचांचा फोन वाजला. त्यांनी दचकून कानाला लावला.

"हॅलो. सात नंबरचा माग थांबलेला आहे."

"कौन बोलताय?"

"सिस्टीम."

शेठनी कान टवकारले. "सिस्टीम बाई हाय व्हय? आवाज तर भिताडामागनं येतोय."

रसूलचाचा फोनमध्ये म्हणाले, "बाई, तुमी बाजूकेच खोलीमें है क्या?"

"नाही," भिंतीमागून आवाज आला, आणि फोनमधून पण आला.

कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, आता आणखी एक मिनिट गेलं तर हे सगळे मिळून काहीतरी आणखी वाईट करतील. मी उभी राहिले.

"सर, झालेलं नाही."

"काय झालेलं नाही?"

"मेसेज. रिपोर्टही नाही. तपासणीपण नाही. फळा चुकीचा आहे. माझं मी केलेलं नाही, हे मला सकाळी दहालाच माहीत होतं."

सर फळ्याकडे वळले, जणू तो काही बोलेल. मग हळू आवाजात म्हणाले, "फळ्याला हात कुणी लावला?"

"मी," मी म्हटलं.

"खोटं नको बोलू पोरी." मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात होत्या. "म्या लावले. पडले होते म्हणून लावले. चुकलं आसंल तर सांगा, पुन्यांदा लावते."

नियम सगळ्यांना आठवत होता. सरांना जास्त. त्यांनी तो सगळ्यांसमोर केला होता, आणि नियम मोडणारा माणूस त्यांच्यासमोर चहा घेऊन उभा होता.

शेठनी कप उचलला. मावशींकडे नीट बघितलं आणि आपल्या घडी खात्यातली जुनी बाई ओळखली. "लक्ष्मव्वा, तुझे गुडघे कसे हायत?"

"हायत," मावशी म्हणाल्या.

"प्रमोद, हिला काढणार आसशील तर उद्या सकाळी माझ्याकडं पाठव. बसून घड्या घालंल." मग शेठ माझ्याकडे वळले. "म्हंजे हे आर्धं हाय?"

"अर्धंपण नाही, शेठ," मी म्हटलं. आता एवढं बोललेच होते.

शेठनी रसूलचाचांना विचारलं, "काय रे, हा मेसेज आला आसता तर तुला कळलं आसतं का?"

"मुझे किसने पूछाच नहीं, शेठ," रसूलचाचा म्हणाले. "मैं फोन डब्बेकी थैलीमें रखता. हाथां को ऑइल रहता. और खाते में मागां की आवाज कित्ती, घंटी कौन सुनता? एक लाल बत्ती लगाव भिंतीपे. गर्दन उप्पर करी, दिखा. बस."

दोन महिने मी ज्या कामावर रडत होते, ते काम ज्याच्यासाठी होतं त्याला नकोच होतं. त्याला दिवा हवा होता. आम्ही शेठना विचारलं, पुण्याच्या शिबिराला विचारलं, रसूलचाचांना नाही. मी उठून माझ्या तीनही गुलाबी चिठ्ठ्या काढल्या. मग फळ्याचा प्रश्न अजून बाकी असल्याचं लक्षात आलं आणि सरांकडे बघितलं.

सरांना नियम मोडायचा नव्हता आणि मावशींना काढायचंही नव्हतं, एवढं मला दिसत होतं. शेवटी ते घसा साफ करून म्हणाले, "नियम आहे तसाच राहील. फळ्याला एकाच माणसाचा हात लागेल. मावशींचा."

"मला वाचता येत न्हाय की," मावशी म्हणाल्या.

"म्हणूनच. ज्याचं काम झालं, त्यानं तुम्हाला येऊन सांगायचं काय झालं ते. तुम्हाला समजलं, तर तुम्ही चिठ्ठी लावायची."

ही गोष्ट सरांनी केवळ अब्रू वाचवायला काढली होती, हे मी आदरानं नमूद करते. पण ती अजून चालू आहे. मोठ्या कंपन्यांत काम कधी ‘झालं’ म्हणायचं याची लांबलचक यादी असते असं ऐकते. आमच्याकडे मावशी आहेत. इरफानभाईंची एक पिवळी चिठ्ठी अकरा दिवस अडकली, कारण मावशी रोज म्हणायच्या, "न्हाय समजलं." बाराव्या दिवशी भाईंनी त्यांना कारखान्यात नेऊन दाखवलं. लाल दिवा लागला तेव्हा मावशींना एका सेकंदात समजलं, कारण रसूलचाचांनी मान वर केली. शेठ पुन्हा जिना चढून आले. आणि सरांनी रकाने परत आखले. आता ‘झालं’ वीतभर आहे.

या लेखाचीही मी एक गुलाबी चिठ्ठी केली आणि गेल्या शनिवारी इथपर्यंतचा लेख मावशींना वाचून दाखवला. व्यावहारिक सल्ला मागितला होता, त्यातला किती आला आहे मला कळत नाही. त्या फडकं पिळत ऐकत होत्या. शेवटपर्यंत मधे बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "समदं बराबर हाय. येकच न्हाय समजलं. धा वाजल्यापासनं चार वाजस्तवर तू का गप बसलीस? म्या पेढे लावत हुते, तवा तरी बोलायचं."

मी कारणं शोधली. सर खूश होते. तुमचं काम गेलं असतं. मी लहान आहे. ही सगळी कारणं मी एकेक करून त्यांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली.

"न्हाय समजलं," त्या म्हणाल्या, आणि लेखाची गुलाबी चिठ्ठी उचलून ‘चालू’मध्ये लावली. कडेला कड जुळवून.

संपादक मॅडम, अंकाची मुदत आज संपते म्हणून लेख पाठवते आहे. पण आमच्या फळ्यावर तो अजून झालेला नाही.